डुलकी का लागली, हेही तपासा

मा. संपादक,

धुळे-सोलापूर महामार्गावर ट्रक उलटला की ‘चालकाला डुलकी लागली’ एवढ्यावर विषय मिटतो. जागरण हे कारण असतेच. पण पोट सुटलेल्या, जाड मानेच्या चालकात दुसरेही कारण असू शकते: झोपेत श्वास अडण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया. झोपेत घशाभोवतीच्या चरबीने श्वासाची वाट दबते, श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू घटतो आणि मेंदू दचकून जागा होतो. आजार तीव्र असेल तर तासाला ३० हून अधिक वेळा. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही, आणि सात तास झोपूनही स्टिअरिंगवर डोळे मिटतात. मग चहा. कपाला दोन चमचे साखर धरली तर दहा कपांत ८० ते १०० ग्रॅम साखर पोटात जाते, वजन वाढते आणि घसा आणखी दबतो.

या आजाराचा खरा साक्षीदार किन्नर, म्हणजे ट्रकवरचा मदतनीस (क्लीनर). तो त्याच केबिनमध्ये झोपतो. घोरणे मध्येच थांबून एकदम धाप लागल्यासारखा आवाज येतो का, हे त्याला विचारावे.

तपासताना कमरेच्या घेरासाठी पँटच्या नंबरावर जाऊ नये. पट्टा पोटाखाली बांधलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप लावावी. पुरुषात ९० सेंमीच्या वर धोका. रक्तदाब गाडीतून उतरल्या उतरल्या घेऊ नये, तो जास्तच दिसतो. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटे पाठ टेकून बसू द्यावे.

सरकारी दवाखान्यात तिशीनंतर रक्तदाब आणि रक्तातली साखर मोफत तपासतात, पण ओपीडी चालू असते तेव्हा चालक रस्त्यावर असतो. उलट लातूरच्या मार्केट यार्डात, जालन्याच्या स्टील कारखान्यांबाहेर, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत माल भरण्या-उतरवण्याचा नंबर लागेपर्यंत गाड्या तासन्‌तास उभ्या असतात. टेप, काटा, रक्तदाबाचे यंत्र आणि ग्लुकोमीटर घेऊन आरोग्य पथकाने तिथे बसावे. मालवाहू परवान्याच्या वैद्यकीय फॉर्म १-ए मध्ये नजर, बहिरेपणा, रातांधळेपणा विचारतात. घोरणे, साखर आणि रक्तदाबाचा रकानाही परिवहन विभागाने त्यात घालावा.

मालकांना एक कळकळीची विनंती. झोपताना मास्कमधून हवा देणाऱ्या यंत्राने आणि वजन उतरवून हा आजार आटोक्यात येतो. उपचार सुरू होऊन झोप सुधारेपर्यंत चालकाला रात्रीची फेरी देऊ नका, पण कामावरून काढू नका. एकाला काढले तर बाकीचे घोरणे लपवतील.

– चालकांच्या आरोग्य तपासणीत काम करणारे कार्यकर्ते, जालना