फोटो वाचायलाही शिकवा

महोदय,
खाडीकाठच्या आमच्या खाजन शेतातल्या मानशीचे, म्हणजे भरतीचे पाणी अडवणाऱ्या मोरीचे, दार कुजले आणि खारे पाणी आत शिरले. तीन अर्ज देऊनही कुणी फिरकले नाही. मग भाचीने मोबाइलवर फोटो काढला. मोडक्या दाराचा नव्हे, आजोबांच्या तळहातावरच्या करपलेल्या लोंबीचा. दार मागे धूसर. तो पाहून दुसऱ्याच दिवशी माणसे आली. काय दाखवायचे, काय चौकटीबाहेर ठेवायचे, हेच फोटोच्या भाषेचे व्याकरण. १८३९ साली दागेरोटाइप हे छायाचित्रणाचे सुरुवातीचे तंत्र जगापुढे आले; आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. तरीही माशेलच्या चिखलकाल्याला, म्हणजे चिखलात खेळण्याच्या उत्सवाला, शेकडो मोबाइल वर होतात आणि फोटो सगळे सारखेच! शाळांनी चित्रकलेच्या तासाला ही भाषा शिकवावी, अशी कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, फोंडा