उशाशी एक घड्याळ असू दे

नागपूर,
डिसेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "रात्री तीनला जाग येते आणि मग पाचपर्यंत डोळा लागत नाही." तीन वाजले हे तुला कळतं कसं, असं मी विचारलं, तर म्हणालास, "मोबाईलवर पाहतो ना बे, अजून कशावर पाहणार?" पुढे कुणीतरी तुझ्या दारावर आलं आणि बोलणं तिथेच राहिलं. तेव्हापासून हेच डोक्यात घोळून राहिलं आहे. म्हणून आज निवांत लिहायला बसलो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. झोपायच्या खोलीत फक्त वेळ सांगणारी एक वस्तू ठेव, आणि मोबाईलला रात्री त्या खोलीत जागा देऊ नकोस. तुझ्या झोपेची मला काळजी वाटते, म्हणून हे इतकं आग्रहाने लिहितो आहे.

रात्री तीनला जाग आल्यावर माणसाला एकच विचारायचं असतं, की किती वाजले. घड्याळ तेवढं सांगतं आणि थांबतं. मोबाईलही सांगतो, पण त्याच आकड्यांखाली सोसायटीच्या ग्रुपवरचं पाण्याच्या टँकरचं भांडण असतं, बँकेचा मेसेज असतो, ऑफिसातल्या कुणीतरी रात्री साडेअकराला पाठवलेला ईमेल असतो. तू तो उघडत नाहीस, हे मला माहीत आहे. पण पाठवणाऱ्याचं नाव तर दिसतं! तेवढं नाव दिसलं की उद्याची मीटिंग डोक्यात सुरू होते, आणि अंथरुणात पडल्या पडल्या तू तिथे उत्तरं देऊ लागतोस.

लोक सगळा दोष स्क्रीनच्या उजेडाला देतात. त्यात तथ्य आहेच. आपल्या डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवणं. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं द्रव्य असतं आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला ते सर्वांत जास्त दाद देतं. असा उजेड रात्री डोळ्यात गेला की झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन कमी तयार होतं. शरीराच्या आतलं हे घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं, ते फळमाश्यांवर काम करून उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. पण माझं स्वतःचं मत विचारशील तर त्या दोन मिनिटांच्या उजेडापेक्षा त्यात जे लिहिलेलं असतं ते जास्त जागवतं. स्क्रीन पिवळी करून घेतलीस तरी साहेबांचं नाव तेच राहतं.

आता घड्याळाचीही एक बाजू सांगतो, नाहीतर हे सांगणं अपुरं राहील. निद्रानाशावर उपचार करणारे डॉक्टर रुग्णाला सांगतात की रात्री घड्याळ पाहू नका, त्याचं तोंड भिंतीकडे करा. कारण जाग आलेला माणूस वेळ पाहतो आणि लगेच हिशेब मांडतो: साडेतीन झाले, सहाला उठायचं, म्हणजे अडीचच तास उरले, आत्ता झोप लागलीच पाहिजे. हा हिशेबच झोप उडवतो. त्यामुळे तुझ्यासारख्याने घड्याळ ठेवायचं ते मुख्यतः गजरासाठी. सकाळी ते आपल्याला उठवणार आहे, एवढा भरवसा असला की रात्री वेळ पाहायची गरजच उरत नाही. मोबाईलचं तोंड असं भिंतीकडे करता येत नाही रे. पालथा घातला तरी तो थरथरतो, आणि हात आपसूक तिकडे जातो.

आपल्या लहानपणी हे सगळं किती सरळ होतं, आठवून पाहा. मे महिन्यात अख्खं घर गच्चीवर झोपायचं. संध्याकाळी पाणी मारून गच्ची थंड करायची, गाद्या अंथरायच्या, सुरई भरून ठेवायची, आणि शेवटी बाबा ते चावीचं घड्याळ वर घेऊन यायचे. परीक्षेच्या दिवसांत तर ते स्टीलच्या ताटात ठेवायचे, म्हणजे पहाटे चारला गजर झाला की ताटासकट सगळं खणखणायचं आणि शेजारच्या गच्चीवरचे पोट्टेही उठून बसायचे. त्या घड्याळात दोन चाव्या असायच्या, कारण आत स्प्रिंगा दोन, एक काटे चालवायला आणि दुसरी घंटेची. गजराची चावी संपली की घंटा आपोआप थांबायची. रात्री झोपताना दोन्ही चाव्या द्यायच्या, हे बाबांचं दिवसातलं शेवटचं काम. त्यानंतर ते कुणाशी बोलायचे नाहीत.

आमचे आजोबा एम्प्रेस मिलच्या भोंग्याची गोष्ट सांगायचे. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी ती गिरणी सुरू केली, आणि पुढे कितीतरी वर्षं गिरणी कामगारांच्या वस्त्यांची पहाट त्या भोंग्यावर व्हायची. भोंगा वाजला की चूल पेटायची, डबा भरायचा. घरात घड्याळ नसलं तरी अडत नसे. वेळ अख्ख्या मोहल्ल्याला एकदम कळायची, आणि तेवढ्यावर काम भागायचं. आज मिलच्या जागी मॉल आहे. तू नागपूरला येशील तेव्हा दाखवतो, तिथून जाताना मला अजून तो भोंगा आठवतो.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. तू नागपूरची साडेपाचला उठायची सवय पुण्याला घेऊन गेलास. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची. नागपूर साधारण ७९ अंशांवर आहे, म्हणून इथे सूर्य डोक्यावर यायला घड्याळापेक्षा तेरा-चौदा मिनिटं जास्त लागतात. पुणे त्याहून पश्चिमेला, ७४ अंशांच्या जरा अलीकडे. तिथे हा फरक चौतीस-पस्तीस मिनिटांचा. म्हणजे तुझ्या खिडकीतला दिवस आपल्या गावच्या दिवसापेक्षा वीसएक मिनिटं मागे चालतो, आणि शरीर सूर्याचं ऐकतं. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली त्याआधी गावोगावच्या वेळा वेगळ्या असायच्या. मुंबईने तर आपली वेगळी वेळ त्यानंतरही कितीतरी वर्षं सोडली नव्हती. तेव्हा थंडीत तरी गजर सहाचा लाव. साडेपाचला उठून अंधारात मोबाईल पाहत बसण्यात काय मिळतं?

आता घड्याळ कसं घ्यायचं, ते सांगतो. लाल किंवा निळ्या आकड्यांचं, रात्रभर पेटलेलं डिजिटल घेऊ नकोस. निळं तर मुळीच नको. शिवाय विजेवर चालणारं असलं तर लाईट जाऊन आली की बारा वाजल्याचे आकडे लुकलुकत बसतात. मेमध्ये आमच्याकडे रात्री लाईट गेली की कूलर बंद, पंखा बंद, त्यात हा लुकलुकता उजेड, काय वैताग असतो तो तुला माहीतच आहे! साधं काट्यांचं, एका पेन्सिल सेलवर चालणारं घड्याळ सगळ्यांत बरं. एक सेल वर्षभर सहज जातो. दिवाळीच्या साफसफाईत तो बदलायचा म्हणजे विसर पडत नाही. जुना सेल आत राहिला तर पाझरतो आणि पत्र्या गंजून घड्याळ वाया जातं. इथल्या महाल भागातला दुरुस्तीवाला मला सांगत होता की त्याच्याकडे येणारी अर्धीअधिक घड्याळं अशीच मेलेली असतात.

काटे अंधारात चमकणारे असले तर छान, पण ते नवं घड्याळ असू दे. जुन्या बाजारात खूप देखणी चमकत्या काट्यांची घड्याळं मिळतात, आणि तुला जुन्या वस्तूंचा नाद आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या काट्यांवर खरंखुरं, किरणोत्सारी रेडियम लावायचे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ऑरेंज गावी तरुण मुली तो रंग भरायच्या, कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या, आणि त्यांच्या जबड्याची हाडं सडली. १९२० च्या दशकात त्यांतल्या काही जणी कोर्टात गेल्या, आणि कामगारांच्या आरोग्याच्या कायद्यांच्या इतिहासात त्यांचं नाव राहिलं. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं आहे, म्हणजे ते निम्मं व्हायलाच एवढी वर्षं लागतात. त्या रंगातलं चमकणारं द्रव्य काही दशकांत थकतं, त्यामुळे जुना काटा चमकत नाही, पण रेडियम तसंच शिल्लक असतं. असं घड्याळ घेऊ नकोस, आणि कुणाकडे असलंच तर त्याची काच उघडू नकोस. आजकाल जे लावतात ते दिव्याचा उजेड पिऊन काही तास चमकणारं निर्धोक द्रव्य असतं. दिवा मालवल्यावर ते ठळक दिसतं आणि पहाटेपर्यंत फिकं होत जातं. झोपायच्या खोलीसाठी मला हे फार योग्य वाटतं.

टिकटिकीचं म्हणशील, तर तुला ती सहन होणार नाही, असं मला वाटतं. इथे उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात काही ऐकू येत नाही, पण आत्ता डिसेंबरात कूलर झाकून ठेवलाय आणि बारीकसाही आवाज कानात शिरतो. सेकंद काटा टक्‌-टक्‌ न करता सरकत फिरतो अशी घड्याळं मिळतात, दुकानात सायलेंट म्हणून माग. कानाला लावून पाहा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नकोस.

मोबाईलची वेळ जास्त अचूक असते, हे मी नाकारत नाही. ती नेटवर्कवरून येते आणि सतत दुरुस्त होत राहते. आपल्या देशाची वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. साध्या घड्याळात गव्हाच्या दाण्यापेक्षाही बारीक क्वार्ट्‌झचा तुकडा असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर एक उरतो, आणि काटा एक सेकंद पुढे जातो. हा तुकडा साधारण २५ अंश तापमानाला नेमका चालतो, त्याहून गरम किंवा गार झालं की मागे पडतो. आमच्याकडे मे महिन्यात खोली चाळिशीला टेकली तर महिन्याला वीसएक सेकंद जातात. पुण्यात तेवढेही जाणार नाहीत. झोपेतून उठायला वीस सेकंदांनी काय बिघडतं? विमान पकडायचं असेल त्या रात्री मोबाईलचा गजरही लाव, पण हॉलमध्ये.

तुझी खरी अडचण मला माहीत आहे. आई गावी एकट्या असतात, रात्रीबेरात्री फोन आला तर? माझंही तसंच आहे. म्हणून माझा मोबाईल हॉलमध्ये टीव्हीशेजारच्या फळीवर चार्जिंगला असतो, रिंगचा आवाज पूर्ण चालू ठेवून. बाकी सगळ्यांचे आवाज रात्री बंद आणि ठरावीक चार माणसांचे फोन तेवढे वाजतील, अशी सोय सगळ्या फोनमध्ये असते. मागच्या पावसाळ्यात आईचा फोन रात्री दोनला आला होता, दाराआडूनही मला लगेच ऐकू आला. तू एकदा दार लावून, वहिनींना फोन करायला सांगून पाहा. खात्री झाल्याशिवाय करू नकोस, नाहीतर त्या काळजीनेच झोप येणार नाही.

सुरुवातीला काही रात्री हात उशाखाली जाईल. जाऊ दे. तिथे काही सापडलं नाही की कूस बदल, आणि जागाच राहिलास तर पडून तळमळू नकोस. उठून मंद दिव्यात खुर्चीवर बस, काहीतरी छापील वाच, डोळे जड झाले की परत ये.

घड्याळ मी सीताबर्डीच्या मेन रोडवरून घेऊन ठेवलं आहे, पांढऱ्या तबकडीचं, सायलेंट. बहिणीचा मुलगा रविवारी पुण्याला निघतो आहे, त्याच्या हाती देतो. सेल वेगळा गुंडाळलाय, तो घालून आधी वेळ लाव. गजराचा काटा अशा घड्याळांत दोन-चार मिनिटं इकडेतिकडे वाजतो, म्हणून दिवसा एकदा वाजवून पाहून घे. आणि हे घड्याळ बारा तासांचं आहे, त्याला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. सहाचा गजर संध्याकाळी सहा वाजून गेल्यावरच चालू करायचा. ठेवायचं ते उशाला लागून नको, पलंगावरून उतरल्याशिवाय हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेव. सोबत संत्र्यांची पिशवी आहे, ती आधी उघड, गाडीत दबतात.

महिनाभराने झोप कशी आहे ते कळव, आणि फोन न करता पत्रच लिही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नागपूरचा मित्र