आप्पा, हवेला सांडवा दाखवल्याबद्दल

ती. स्व. आप्पा,

सादर नमस्कार.

धुळ्याला तुमच्या रेडिएटरच्या दुकानात येऊन आभार मानायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुम्ही माझ्या हातात चहाचा कप दिलात आणि समोरच्या ट्रकच्या रेडिएटरकडे वळलात. म्हणून हे उघड पत्र. तुमची नात वाचून दाखवेल. माझ्यासारखं कुणी घरी विमान बांधत असेल तर त्याच्याही हे हाती लागावं, कारण तुम्ही जे शिकवलंत ते मला एकाही तक्त्यात सापडलं नव्हतं.

घरी विमान बांधतो म्हटलं की आपल्याकडे लोक आधी चेहरा न्याहाळतात. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया'त लोकांनी पाहिलं, तेव्हापासून हे न्याहाळणं जरा कमी झालंय. तुम्ही मात्र पहिल्या दिवशीही तसं पाहिलं नाहीत. अमळनेरहून मोटरसायकलला कूलर बांधून मी आलो, विमानाचं ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचं तेल थंड करणारी जाळी आहे म्हणालो, आणि तुम्ही एवढंच विचारलंत, "तेल तापतं का पाणी?"

तेल तापत होतं. माझं इंजिन माझदाचं १३बी, रोटरी. पिस्टनच्या जागी फिरणारे दोन तिकोनी रोटर, प्रत्येकी ६५४ घनसेंटिमीटरचे, आणि एक शाफ्ट. व्हॉल्व्ह नाही, पिस्टन नाही, कनेक्टिंग रॉड नाही. मोडण्यासारखं त्यात फार कमी आहे, म्हणूनच विमानासाठी मी ते निवडलं. पण तेलाच्या बाबतीत हे इंजिन वेगळं वागतं. पाणी फिरतं ते फक्त बाहेरच्या हाउसिंगमधून, म्हणजे कवचातून. रोटरच्या पोटात पाणी पोचत नाही, तिथे शाफ्टमधल्या बारीक भोकांतून तेलाचा फवारा उडतो आणि रोटरची उष्णता तेलच घेऊन येतं. इंजिनाच्या पाण्याला आणि तेलाला मिळून जेवढी उष्णता बाहेर टाकायची असते, तिच्यातला साधारण तिसरा हिस्सा तेलाच्या वाट्याला येतो. म्हणजे रोटरीत तेल हे वंगण आहे तसंच दुसरं थंड करणारं पाणीही आहे. ते १०० अंशांच्या वर सतत राहू लागलं की रोटरच्या तेल अडवणाऱ्या कड्यांमागचे रबरी ओ-रिंग कडक होतात, तेल गळून जळू लागतं, बेअरिंगांवरची तेलाची फिल्म पातळ होते. विमानात हे कुणालाही परवडणारं नाही.

माझी पहिली चूक निवडीतच झाली. 'इतक्या हॉर्सपॉवरला इतका कूलर' असा तक्ता पाहून मी टपालानं एक मागवला होता. देणाऱ्यानं १८० हॉर्सपॉवरला चालतो म्हणून सांगितलं, आणि ते खरंही होतं, पण हवेवर थंड होणाऱ्या पिस्टनच्या इंजिनासाठी. त्या इंजिनाच्या सिलिंडरना बाहेरून फिना, म्हणजे पातळ पात्या असतात, त्या आपली बरीचशी उष्णता थेट वाऱ्याला देतात आणि तेलाकडे थोडीच येते. तो तक्ता माझ्यासाठी नव्हताच.

दुसरी गोष्ट आपल्या खानदेशाची. असल्या तक्त्यांत बाहेरची हवा बहुतेक १५ अंशांची धरलेली असते, फार तर ३८ ची. तेल ९५ वर ठेवायचं आणि हवा १५ ची असेल तर मधे ८० अंशांची उतरण मिळते. आपल्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला दुपारी ४५. उतरण उरली ५० ची. वर तापलेली हवा विरळ, १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के हलकी. म्हणजे थंड देशातल्या माणसाला जो कूलर पुरतो, तो मला दीडपट करूनही अपुरा पडतो. हा हिशेब मी स्वतः केला आणि अभिमानानं दुसरा, मोठा कूलर आणला. तोही तापला. खळ्यावर विमान साखळीनं बांधून ४००० फेऱ्यांवर इंजिन चालवलं तर सहा मिनिटांत तेल ११० वर, आणि काटा अजून चढतोच. मग ठरवलं, तिसरा, अजून मोठा बनवून घ्यायचा. त्यासाठी तुमच्याकडे आलो होतो.

तुम्ही कूलर हातात घेतलात, दुकानाच्या दाराशी जाऊन उजेडासमोर धरलात आणि जाळीतून आरपार पाहिलंत. करवतीच्या पात्याचा घासून बारीक केलेला तुकडा खिशातून काढलात आणि वाकलेल्या फिनांची एक ओळ सरळ करता करता म्हणालात,

"मोठा बनाडी देसू, पैसा बी लेसू, पन इंजिन तपीच."

आणि मग विचारलंत, मागून निघणारी हवा किती गरम असते?

आप्पा, दीड वर्ष मी या इंजिनाशी झटतोय. तेलाचं तापमान दोन जागी मोजतोय, पाण्याचं दोन जागी. कूलरमधून निघणारी हवा मी कधीच मोजली नव्हती. घरी जाऊन जाळीच्या मागे सेन्सरची तार बांधली. बाहेर ४१, तेल ११०, आणि मागची हवा ८४. फोनवर आकडे सांगितले तर तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. हवा एवढी तापून निघते म्हणजे जाळी आपलं काम चोख करतेय. हवाच थोडी जातेय. हवा भरपूर गेली असती आणि जाळी कुचकामी असती तर मागून कोमट वारा आला असता.

हे एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन कूलरचे पैसे वाचले असते.

त्या रविवारी तुम्ही दुकान बंद ठेवून अमळनेरला आलात. काउलिंगखाली, म्हणजे इंजिनाच्या आवरणाखाली आडवे झालात, टॉर्च मारलात आणि उठून बसल्यावर ते बोललात जे आता माझ्या शेडच्या पत्र्यावर खडूनं लिहिलंय: "कूलर धाकला नई शे भाऊ, तेना मांगे वाट नई शे." आणि मग पांझरेच्या फडांची गोष्ट सांगितलीत. तुमचे वडील फडाचे पाटकरी होते, हे मला तेव्हा कळलं. बंधाऱ्यातून पाटात पाणी सोडायचं, पाटातून चाऱ्यांत, आणि शेवटी उरलेलं पाणी सांडव्यातून पुन्हा नदीत. सांडवा बुजला तर पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत जास्त पोचेल असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात ते मागे फुगतं, वरचा पाट फोडतं आणि भलतीकडेच जातं. माझ्या विमानात हवेला येण्याची वाट १२ बाय २५ सेंटिमीटरची होती आणि जाण्याची ८ बाय २० ची. आत आलेली हवा कूलरमधून जाताना तापते, फुगते, तिला तर जास्त जागा हवी. मी तिला निम्मी दिली होती. आणि पाटही फुटलेला होता: कूलर आणि त्याच्याकडे हवा आणणारा डक्ट यांच्यामध्ये चारही बाजूंनी बोटभर फट. जाळीतून घासून जाण्यापेक्षा हवा त्या फटीतून सुखानं निसटत होती.

हे सगळं मी तुमच्यावरच्या विश्वासानं मान्य केलं असतं. पण तुम्ही म्हणालात, नुसतं मान्य करू नको, मोज. आणि गवंड्याची लेव्हल नळी मागवलीत.

ती सकाळ मी विसरणार नाही. तुमच्या भाच्याचा पिकअप, त्याच्या टपावर लाकडी चौकटीत कसलेला माझा डक्ट आणि कूलर, आणि तिथून केबिनमध्ये उतरलेल्या दोन पारदर्शक नळ्या. इंग्रजी यू सारख्या वाकवून पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या, आत हळद घातलेलं पाणी, मागे शाळेची मोजपट्टी. पहाटे साडेपाचला रिकाम्या हायवेवर ८० च्या वेगानं. त्या वेगाला वाऱ्याचा पूर्ण दाब पाण्याच्या साधारण २८ मिलीमीटर इतका भरतो. जाळीच्या पुढे आम्हाला मिळाले १२. जाळीच्या मागे ७. पुढचे १२ पाहून मी खूश झालो होतो, तर तुम्ही मागच्या ७ वर बोट ठेवलंत. हवा ढकलायला उरले फक्त ५ मिलीमीटर. २८ पैकी ५.

पुढेही १२ च का, याचं उत्तर आईच्या वातींनी दिलं. देव्हाऱ्यातल्या लांब वातींचे बोटभर तुकडे तुम्ही डक्टच्या भिंतींना आतून ओळीनं चिकटवलेत, वर पारदर्शक पत्र्याची खिडकी लावलीत आणि मोबाइल आत रोखून ठेवलात. व्हिडिओत तोंडाजवळच्या वाती मागे सरळ झेपावलेल्या, आणि वरच्या भिंतीच्या वाती चक्क उलट्या, पुढे तोंड करून फडफडणाऱ्या. हवा भिंत सोडून भोवरा घेत होती. मी डक्ट तोंडापाशी भसकन रुंद केला होता. भिंत साधारण ७ अंशांपेक्षा जास्त उघडली की हवा तिला धरून राहत नाही, हे मी वाचलेलं होतं. पण कातरी हातात असताना जागा वाचवायच्या नादात ते विसरलो होतो. उलट्या वाती पाहिल्यावर पुन्हा विसरणं शक्य नाही.

नंतरचं काम तुम्हाला माहीतच आहे. डक्ट लांब आणि सावकाश रुंद होणारा केला, फटी दरवाजाच्या रबर पट्टीनं बुजवल्या, बाहेरची वाट १६ बाय २५ ची केली आणि तिच्या पुढच्या कडेला खाली झुकणारी पत्र्याची ओठासारखी पट्टी दिली, म्हणजे खालून जाणारा वारा आतली हवा ओढून घेईल. दुसऱ्या पहाटे तोच रस्ता, तोच वेग. पुढे २१, मागे २. ढकलायला १९ मिलीमीटर! भाच्यानं हॉर्न वाजवला आणि तुम्ही त्याला रस्त्यावर लक्ष ठेव म्हणून दटावलंत. दाब जवळजवळ चौपट म्हणजे हवा जवळजवळ दुप्पट. चढाईत वेग १५० च्या आसपास असेल, तेव्हा हेच दाब साडेतीन पटींनी वाढतील.

आणि कूलर? शेवटी माझ्याकडे असलेल्या दोघांतून तुम्हीच निवडलात. एक पातळ, रुंद, दाट फिनांचा, दिसायला देखणा. दुसरा जाड, आखूड, विरळ फिनांचा. मी पहिल्याच्या बाजूनं होतो. तुम्ही म्हणालात, पातळ जाळी पंख्यासमोर ठीक, पंख्याला दाब कमी असतो. वाऱ्याचा एवढा दाब हाताशी असताना जाड जाळी चालते आणि तिला तोंड लहान पुरतं. आणि जिनिंगवाल्यांच्या जनरेटरचे रेडिएटर दिवाळीनंतर तुमच्याकडे कसे येतात ते दाखवलंत: दाट फिनांत कापसाचा तंतू असा बसलेला की गोधडी शिवल्यासारखी. कापसाच्या मुलखात उडायचं तर जाळी विरळ हवी. हा मुद्दा जगातल्या कुठल्या तक्त्यात असणार? मला तो मागच्या हवेच्या तापमानाइतकाच मोलाचा वाटतो.

आर्गॉन वेल्डिंगनं नवे तोंडाचे नट तुम्ही बसवून दिलेत, तोंडं वर येतील अशा बेतानं, म्हणजे आत हवा अडकणार नाही आणि इंजिन बंद पडल्यावर कूलर रिकामा होणार नाही. पाण्याच्या टाकीत बुडवून हवा भरलीत आणि पंधरा मिनिटं एक बुडबुडा येतो का ते पाहत बसलात. मी म्हणालो, झालं की आप्पा. तुम्ही म्हणालात, ट्रक थांबतो तिथे रस्ता असतो. आणि अजून पाच मिनिटं पाहिलंत.

आता निकाल सांगतो, कारण तो तुम्हाला आकड्यांतच ऐकायला आवडेल. गेल्या आठवड्यात, दुपारी दोनला, बाहेर पुन्हा ४१. खळ्यावर तेच ४००० फेऱ्या. पंधरा मिनिटं. तेल ९३ वर चढलं आणि तिथेच थांबलं. मागची हवा ६६. तापमान उतरलं पण हवा दुप्पट झाली, म्हणजे एकूण उष्णता आधीपेक्षा जास्तच बाहेर जातेय. काटा थांबलेला पाहून मी इंजिन बंद करायचंच विसरलो. आई दारातून हात करत होती.

उड्डाण अजून व्हायचंय. परवानगीचे कागद चालू आहेत, पूर्ण ताकदीवरची चाचणी बाकी आहे. पूर्ण ताकदीला तेलातून साधारण ४० किलोवॉट बाहेर काढावे लागतील, न्हाणीघरातले २० गिझर एकदम चालू असल्यासारखे. ती चाचणी मी मुद्दाम आखाजीच्या दुपारी ठेवतोय, वर्षातल्या सगळ्यात वाईट हवेत. तुम्ही आलंच पाहिजे. लेव्हल नळी मी जपून ठेवलीय, हळद बदलून ठेवतो. डक्टच्या वरच्या भिंतीवर एक वात मी काढलेली नाही. ती आता सरळ मागे झेपावते.

तुम्ही वेल्डिंगचे सातशे रुपये घेतलेत आणि तीन रविवारांचा एक रुपयाही घेतला नाहीत. मोठा कूलर बनवून द्यायला तुम्हाला दोन दिवस लागले असते आणि मी हसत पैसे मोजले असते. तुम्ही तो बनवला नाहीत, याबद्दल मी तुमचा ऋणी आहे.

आईनं कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून ठेवलंय. आखाजीला वाट पाहतो.

तुमचा,
अमळनेरचा इमानवाला