पोराला विचारा तरी, तुला कुणाकडे राहायचंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

2021 च्या कोविडमध्ये ज्यांचे आई आणि वडील दोघंही गेले त्यातली बरीच मुलं आता वयात आलीत. तेव्हा ती लहान होती, तेराव्याला नातेवाईक बसले आणि ठरवलं की पोरगी काकांकडे, पोरगा मामाकडे, आणि त्या वेळेला ते बरोबरच होतं, कुणीतरी जवळ घ्यायलाच हवं होतं. पण आता मुलांना कळायला लागलंय. मी हायस्कूलला शिकवते, काही मुलांना आता आजीकडे नाहीतर मावशीकडे जाऊन राहायचं असतं पण हे बोलायचं कुणाशी तेच त्यांना माहीत नसतं. घरी तोंड उघडलं की "एवढं केलं तुझ्यासाठी" आणि शाळेत सांगितलं तर घरचा मामला म्हणून सगळे गप्प.

कायद्याने अठरा पूर्ण होईपर्यंत मुलाला आपल्या मनाने ठरवता येत नाही हे खरंय. पण त्याचं ऐकायचंच नाही असं कायदा कुठेच म्हणत नाही! 1890 चा पालक आणि पाल्य कायदा आहे, त्याच्या कलम 17 मध्ये लिहिलंय की मूल समजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती पसंती विचारात घेऊ शकतं. वयाचा आकडा त्यात नाही, म्हणजे नववी-दहावीतल्या पोराला "तू लहान आहेस" म्हणून गप्प बसवायला कायद्याचा आधार नाही. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर अशीच एक केस होती, आई वारलेली, मुलगा आईच्या आईवडिलांकडे वाढत होता आणि वडील ताबा मागत होते, तेव्हा न्यायाधीश स्वतः मुलाशी बोलले आणि त्याला आजी-आजोबांकडेच ठेवलं. 2022 मध्ये गुजरातमधल्या कोविडने पोरक्या झालेल्या मुलाचा ताबासुद्धा सुप्रीम कोर्टाने मावशीऐवजी वडिलांच्या आईवडिलांकडे दिला, आणि मावशीचं वय कमी, कमाई जास्त, एवढ्यावरून ठरवता येणार नाही असं म्हटलं.

मला खटकतं ते एकच. त्याच कलम 17 मध्ये असंही आहे की कुणालाही त्याच्या मनाविरुद्ध पालक नेमता येणार नाही, म्हणजे मोठ्या माणसाची मर्जी कोर्टावर बंधनकारक आणि मुलाची मर्जी मात्र कोर्टाला वाटलं तर. हा कायदा इंग्रजांच्या काळातला आहे, आणि भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार 1992 ला मान्य केला, त्यात मुलाला त्याच्याशी संबंधित गोष्टीत मत मांडायचा हक्क आहे, तरी हे तसंच चालूय. बारा वर्षांवरच्या मुलाला विचारणं सक्तीचं करा, आणि विचारायचं ते एकट्याला, नातेवाईक दाराबाहेर.

मुलाने म्हटलं म्हणजे झालं, असं मी म्हणत नाहीये. पोरं मोबाईलला भुलतात, कुणी गाडी देतो म्हटलं की तिकडे ओढली जातात. शिवाय या मुलांच्या नावावर पैसा आहे, राज्य सरकारची 5 लाखांची ठेव आणि पीएम केअर्सचे 10 लाख, त्यामुळे अचानक प्रेम आलेल्या नातेवाइकाकडे नीट बघायलाच हवं. पण ते बघायला कोर्ट आहे ना, फॅमिली कोर्टात समुपदेशक पण असतात. पोराला कुणी विचारलंच नाही तर हे सगळं असून काय उपयोग?

आणि मुलांनो, तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका, 1987 च्या विधी सेवा कायद्याने मुलांना वकील फुकट मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असलं तरी. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, फोन 15100. घरात मारहाण किंवा त्याहून वाईट काही होत असेल तर आधी 1098 लावा, ती मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

शाळांना एवढंच सांगणं आहे की असं मूल तुमच्याकडे आलं तर लगेच काका-मामांना फोन लावू नका, आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवा.

आपली,
एक शिक्षिका, सातारा जिल्हा