आवाज फुटायच्या वयात गायनाची परीक्षा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीला संगीत हा मार्कांचा विषय करावा, असं एका वाचकाचं पत्र मागे आपल्याकडे छापून आलं होतं. त्यावर दोघातिघांनी उलटसुलट लिहिलं. लिहिणारे सगळे माझ्याच वयाचे, म्हणजे ज्यांना आता कुठलीच परीक्षा द्यायची नाही असे. ज्यांना द्यायची आहे त्यांना विचारून बघावं म्हणून मी एक उद्योग केला. त्याची ही हकीकत. जरा लांबेल, जागेप्रमाणे कात्री लावावी.

मी कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी हायस्कुलात तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. पेटी घरात वडिलांपासून आहे, ते भजनी मंडळात वाजवायचे. आता संध्याकाळी पडवीत आठवी ते दहावीची एकवीस पोरं बसतात आणि मी त्यांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या शास्त्रीय संगीताच्या परीक्षांना बसवतो. मी काही मोठा गवई नाही. त्यातल्या वरच्या, विशारद परीक्षेच्या पहिल्या वर्षाला माझी गाडी थांबली ती थांबलीच.

परवाच्या शनिवारी प्रत्येकाला वहीचा अर्धा कागद दिला आणि फळ्यावर लिहिलं : संगीत दहावीला मार्कांचा विषय झाला तर तुला पाहिजे का? का पाहिजे, का नको? नाव घालू नका म्हटलं. अर्थात तीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसाला नाव लागत नाही, ऱ्हस्व-दीर्घावरून लेकरू ओळखू येतं.

मला वाटलं होतं, सगळी 'पाहिजे' म्हणतील. एकवीसपैकी तेरा जणांनी 'नको' लिहिलं.

एकाने एकच ओळ लिहिली होती : 'मग ते पण अभ्यास होतंय.' दुसरीने जरा सविस्तर लिहिलं. 'आता मी पेटी काढली की आई म्हणते, ठेव ती आणि अभ्यास कर. विषय झाला तर पेटी ठेवली की म्हणेल, काढ ती आणि अभ्यास कर. आता निदान लपून वाजवायला मजा येते.' नववीतल्या एकाने लिहिलं की त्याचे वडील गणितातल्या मार्कांवरून ओरडतात, गाण्याचं मात्र कौतुक करतात, तेवढी एक जागा ओरडण्याशिवायची राहू दे. हा पोरगा वर्गात तोंड उघडत नाही. एवढं सगळं त्याच्या पोटात होतं हे मला कागदावर कळलं.

आठवीतल्या एका मुलीची चिठ्ठी मी दोनदा वाचली. मागच्या खेपेला बेळगावच्या केंद्रावर परीक्षक बाईंनी तिला भूप रागाची वेळ विचारली. तिने बरोबर सांगितली, रात्रीचा पहिला प्रहर. 'मग बाई म्हणाल्या, आता भूप म्हणून दाखव. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मग मी वेळ पाठ कशाला केला?' 'वेळ पाठ केला' हे शुद्धलेखनाला धरून नाही, एवढंच मला दुरुस्त करता आलं. प्रश्नाला उत्तर सुचलं नाही.

आता जे 'पाहिजे' म्हणाले ते आठ. त्यातल्या पाचांनी खरं तर परीक्षा मागितलेलीच नाही, तास मागितलाय. शाळेत संगीताचे सर नाहीत, पेटी कपाटात कुलपात असते आणि पंधरा ऑगस्टला नि गॅदरिंगला बाहेर येते, विषय झाला तर सर येतील, असा त्यांचा हिशेब. मी शिकवायचो तिथलीही पेटी अशीच कपाटात होती. एका वर्षी गॅदरिंगच्या आदल्या दिवशी काढली तर भाता उंदरांनी कुरतडलेला. मी त्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं आणि ईशस्तवन पार पाडलं. खानापूरच्या पावसात तबल्याचं तर विचारूच नका. जुलै-ऑगस्टमध्ये पुडी, म्हणजे वरचं कातडं, अशी ओली होते की हातोडी मारून मारून हात दुखतो, पण सूर काही चढत नाही. वाद्यांची ही अवस्था बघितल्यावर 'विषय झाला तर सर येतील' हा भरवसा मला पोरांइतका वाटत नाही. आधी विषय येईल, पुस्तक येईल, मग गाइड येईल. सर सगळ्यात शेवटी, आले तर.

सहावी चिठ्ठी दहावीतल्या मुलीची. ती आपल्या सीमाभागाशिवाय दुसरीकडे कुठे लिहिली गेली नसती. तिच्या परीक्षेच्या बाकावर शेजारी शिनोळीकडची, म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली मुलगी होती. शिकवणी बेळगावात, शाळा पलीकडे. दोघींचा पेपर एक, भाषा मराठी, राग तेच, ताल तेच. पेपरनंतर दोघी कट्ट्यावर डबा खात बसल्या असताना शिनोळीची म्हणाली, मला आता शाळेत प्रस्ताव द्यायचाय, दहावीला मार्क वाढतात. महाराष्ट्रात शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत सवलतीचे गुण मिळतात, हे वाचकांना ठाऊक असेल. माझ्या मुलीने चिठ्ठीत लिहिलंय : 'ती आणि मी एकच यमन म्हटला. तिचा यमन मार्कशीटवर चढला, माझा घरी आला.'

ह्या वाक्याला मी दहापैकी दहा दिले असते.

आपल्याकडे एस.एस.एल.सी., म्हणजे कर्नाटकातली दहावी, ६२५ गुणांची. प्रथम भाषेला १२५, बाकी पाच विषयांना शंभर-शंभर. त्यात यमनाला जागा नाही. पण अगदीच नाही असंही नाही. दहावीतल्या एका पोराने वेळापत्रक वाचताना शोध लावला आणि उड्या मारत पडवीत आला : 'सर, विज्ञानाच्या दिवशी हिंदुस्तानी संगीताचा पेपर आहे की ओ! मी तेच घेतो.' खरंच, विज्ञानाच्या पेपरच्या दिवशी हिंदुस्तानी संगीत, कर्नाटक संगीत अशी नावं वेळापत्रकात छापलेली असतात. ती दिव्यांग विद्यार्थ्यांना दिलेल्या पर्यायांतली आहेत. बाकीच्यांना ती वाट नाही, हे त्याला समजावताना मलाच वाईट वाटलं. दोन मिनिटं का होईना, रसायनशास्त्रातून सुटलो म्हणून त्याचा चेहरा काय फुलला होता! पण एक गोष्ट त्यातून कळते. दहावीच्या परीक्षा मंडळाला संगीताचा पेपर काढता येतो, तपासता येतो. राज्याच्या स्वतःच्या ज्युनियर, सीनियर, विद्वत् अशा संगीत परीक्षाही आहेत. म्हणजे जमत नाही असं नाही.

कुणी सुचवेल, तिसऱ्या भाषेच्या जागी संगीत घेऊ द्या, व्यवसाय शिक्षणाचे विषय काही शाळांत तसे घेता येतात. आमच्या पोरांची तिसरी भाषा बहुधा कन्नड. त्यावर बोलायला लागलं की संगीत बाजूला राहतं आणि दुसरंच काही वाजायला लागतं. तेव्हा तो विषय मी इथेच सोडतो.

मला खरं लिहायचंय ते सातव्या चिठ्ठीबद्दल.

हा पोरगा नववीत आहे. गेल्या वर्षीपर्यंत काळी चारमध्ये, म्हणजे उंच पट्टीत गायचा. आषाढीला गावातल्या दिंडीत पुढे उभा राहून अभंगाला चाल द्यायचा, तेव्हा मागची म्हातारी टाळकरी मंडळी मान डोलवायची. दिवाळीनंतर आवाज फुटला. आता पंचमाच्या वर गेला की दोन आवाज निघतात, एक त्याचा आणि एक त्याच्या बापाचा. तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला तर काहीच निघत नाही, नुसती हवा. मी पेटी खाली, काळी एकवर आणली, तरी खालचा सूर अजून बसलेला नाही, घशात खरखरतो. पोरी हसल्या. त्या दिवसापासून तो गायला बसत नाही, कोपऱ्यात तबल्याशेजारी बसतो.

दहावीची परीक्षा देतं तेव्हा पोर पंधरा-सोळा वर्षांचं असतं. मुलाचा आवाज फुटतो तोही त्याच्या आसपासच्या वर्षांत, कुणाचा आधी, कुणाचा उशिरा, आणि फुटलेला आवाज बसायला वेळ लागतो. संगीत नाटकांच्या काळात आवाज फुटला की बालनटाचं काम जायचं, हे आपण ऐकत आलो. आता दहावीला गायनाचा पेपर ठेवा, म्हणजे ज्या वर्षी गळा त्याच्या ताब्यात नाही नेमकं त्याच वर्षी त्याच्या गळ्याला मार्क. गणित येत नाही म्हणून नापास झालेला पोरगा पुन्हा बसतो. सगळ्यांसमोर आवाज फाटला म्हणून कमी मार्क पडलेला पोरगा पुन्हा गाईल की नाही, सांगता येत नाही. आपल्याकडे छापून आलेल्या पत्रांतल्या एकाही थोरामोठ्याला हे सुचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. त्याच्या चिठ्ठीत एवढंच आहे : 'मला आता गायला सांगू नका. तबला चालत असेल तर पाहिजे.'

त्याचं तबल्यावर बरं चाललंय. मी बाकीच्यांचं ऐकत असताना तो मांडीवर झपताल धरतो. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दोन-तीन-दोन-तीन. खालीला, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायच्या जागी, तळवा उलटा करतो, चुकत नाही. परवा मी त्याला दुगुन, म्हणजे दुप्पट लय धरायला सांगितली. दहा मात्रांचा ठेका पाच मात्रांत बसवायचा, म्हणजे तिथे निम्म्याला एक मात्रा अर्धी होऊन दोन गटांत वाटली जाते. मोठी माणसंही त्या जागी अडखळतात. त्याने तीनदा सोडलं आणि चौथ्यांदा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर बरोबर आला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ह्या पोराला मार्क द्यायचे झाले तर त्या चौथ्या खेपेला द्यायला हवेत. परीक्षेच्या खोलीत चौथी खेप कोण देणार?

ह्याच पोराने मला एकदा पेचात टाकलं होतं. मिरजेच्या गाडीने जाताना सुळेभावी स्टेशन लागतं. कुमार गंधर्व ह्या गावात जन्मले, ८ एप्रिल १९२४ला, असं मी पोरांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. हा म्हणाला, 'सर, त्यांनी कुठली परीक्षा दिली?' शाळकरी वयातच मैफली गाजवणारा मुलगा, तो कसली प्रारंभिक आणि प्रवेशिका देतो! सगळे हसले. मी म्हटलं, पुढे ऐका. ते मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला राहिले. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. पलुस्कर जन्माने कुरुंदवाडचे, शिकले मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, म्हणजे आपल्याच पट्ट्यातले. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं वर्गात आणलं, फळा, वेळापत्रक, इयत्ता सगळ्यासकट. तुम्ही देता त्या परीक्षा त्याच घरातल्या. म्हणजे परीक्षा न दिलेल्या माणसाचा गुरूसुद्धा वर्गातच घडला होता. पोरगा विचार करून म्हणाला, 'म्हणजे सर, वर्ग पाहिजे. परीक्षा नसली तरी चालते.' मी भूपचा आरोह म्हणायला घेतला.

माझी एक चूकही लिहून टाकतो, नाहीतर सगळा दोष व्यवस्थेवर टाकल्यासारखं होईल. ताल लिहायच्या पद्धती दोन. पलुस्करांच्या पद्धतीत समेला १ आणि खालीला अधिकचं चिन्ह. भातखंड्यांच्या पद्धतीत समेला फुली आणि खालीला शून्य. मी शिकवताना जे पुस्तक हाती लागेल त्यातून शिकवलं. एका मुलीने पेपरात समेलाच अधिकचं चिन्ह घातलं, फुली जरा आडवी झाली एवढंच तिच्या मते. मार्क गेले. हातावर ती ताल अचूक धरते, सम कुठे हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. तिने 'नको' लिहिलंय आणि कारण दिलेलं नाही. मला माहीत आहे.

तर संपादक महोदय, मला सातवा पेपर नकोय. संबंधित खात्याकडे माझं मागणं एवढंच. शनिवारच्या सकाळच्या शाळेत एक तास संगीताचा ठेवा आणि तो घेणारा माणूस नेमा, चार शाळांत मिळून एक असला तरी चालेल. जी मुलं बाहेरच्या मान्यताप्राप्त परीक्षा आपणहून देतात, गांधर्व मंडळाच्या असोत वा राज्याच्या, त्यांना शिनोळीच्या मुलीसारखे सवलतीचे गुण द्या. आणि त्यात गळा हवाच असं नको. तबला, पेटी, बासरी, ज्याला जे येतं ते, आणि मधल्या वर्षी बदलायची मुभा हवी.

चिठ्ठ्या मोजल्या तर आठवी राहिली. तीत लिहिलंय, 'पाहिजे. पण शिकवायला तुम्हीच पाहिजे.' त्या बेट्याचं हस्ताक्षरही मी ओळखलं. गेल्या महिन्याची फी त्याने अजून दिलेली नाही.

पुढच्या सत्राचे फॉर्म लवकरच भरायचे आहेत. त्या नववीतल्या पोराचा गायनाचा फॉर्म मी न विचारता दरवर्षी भरत आलो. ह्या वेळी त्याच्या नावापुढची जागा कोरी ठेवलीय, तो काय सांगतो ते बघून भरीन.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक
खानापूर तालुका, जि. बेळगाव