तांब्याच्या राजाचं घर

तांबट लेन, नाशिक

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या ब्यूट गावच्या ग्रॅनाइट स्ट्रीटवरच्या लाल विटांच्या घराचा तू पाठवलेला फोटो पाहिला. खाली तू नुसतं 'तांब्याच्या राजाचं घर' लिहून मोकळी झालीस. आम्ही पिढीजात तांबट, एवढ्यावर आमचं कसं भागावं? मग मिळेल ते वाचून काढलं.

तुझा हा तांब्याचा राजा, विल्यम क्लार्क, शेतकऱ्याचा पोर. १८६३ मध्ये मोंटानाच्या, म्हणजे ब्यूट ज्या राज्यात आहे त्या बाजूला सोनं शोधायला आला. थोडं मिळालंही. पण खणत बसण्यापेक्षा खणणाऱ्यांना माल विकण्यात जास्त पैसे सुटतात, हे त्याने लवकर हेरलं. अंडी, तंबाखू, जे खपेल ते गाडीत घालून खाणवस्त्यांवर न्यायचा. इथवर मला तो आपल्यातलाच वाटला. तुझे पणजोबाही हंडे-कळश्या बैलगाडीत घालून सिन्नरच्या बाजाराला जायचे. पुढचं मात्र त्यांना जमलं नसतं. क्लार्कने बँक काढली, खाणवाल्यांना कर्जं दिली आणि हप्ते थकले की खाणी घशात घातल्या. मधे न्यूयॉर्कला जाऊन खाणींचं शिक्षणही घेतलं. कुठली खाण गिळायची ते कळायला नको?

त्यातच विजेचे दिवस आले, तारांना तांबं लागू लागलं, आणि ब्यूटच्या डोंगरात ते मुबलक. १८८४ ते १८८८ या काळात त्याने हे घर बांधलं. ३४ खोल्या! १८९९ मध्ये सिनेटर झाला तो आमदार फोडून. तेव्हा सिनेटर आमदारच निवडायचे. प्रकरण अंगाशी आलं, १९०० मध्ये राजीनामा द्यावा लागला आणि १९०१ मध्ये स्वारी पुन्हा सिनेटमध्ये हजर. घोडेबाजार काही आपल्याकडेच भरत नाही.

न्यूयॉर्कला त्याने १२१ खोल्यांचा महाल उठवला होता. १९२५ मध्ये तो गेला आणि दोन वर्षांत महाल पाडला. ब्यूटचं घर मात्र टिकलं, कारण १९५३ मध्ये एका बाईंनी ते विकत घेतलं आणि लोकांना बघायला खुलं केलं.

आत जाशील तेव्हा छतावरची चित्रं आणि जिन्याचं लाकूडकाम नीट बघ. आजीच्या घंगाळावर बोट फिरवलं की हातोडीने मठारल्याचे ठोके लागतात आणि ते कुणाच्या हातचे हे मी आजही सांगेन. तिथल्या सुतारांची, रंगाऱ्यांची नावं कुठे लिहिलीत का, ते माहिती देणाऱ्याला विचार. आणि तिकिटाचं काय असेल ते मी देतो, बाहेरूनच फोटो काढून परत फिरू नकोस.

तुझे,
बाबा