पुण्यातल्या नागनाथ पाराजवळच्या रेकॉर्डिंगवाल्या काकांना

नमस्कार काका,

तुमचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. दुकानावर एकच पाटी होती, 'येथे रेकॉर्डिंग करून मिळेल', आणि तिच्याखाली खडूनं लिहिलेलं 'दुपारी १ ते ४ बंद'. त्या वेळात तुम्ही शटर अर्धं ओढून आत मल्लिकार्जुन मन्सूर ऐकत बसायचात. पत्र असं उघड्यावर लिहितोय कारण पत्ता ठाऊक नाही. दुकानाच्या जागी आता मोबाइलच्या काचा बदलून मिळतात.

मी म्हणजे १९९९च्या पावसाळ्यात पांढऱ्या कव्हरातली बुरशी आलेली रेकॉर्ड घेऊन अर्ध्या शटरखालून वाकून आत आलेला मुलगा. इंजिनियरिंगला वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया) लागली होती, घरी सांगितलं नव्हतं. ती रेकॉर्ड चिपळूणला मामाच्या ट्रंकेत, बालगंधर्वांच्या तबकड्यांखाली सापडली. मामा १९८१मध्ये ट्रेनिंगसाठी इंग्लंडात डडलीला होता. निघताना तिथल्या कारखान्यातल्या एका पोरानं त्याला ती दिली. मामानं घरी आल्यावर एकदाच लावली, आजी ओरडली, विषय संपला. कव्हरवर ना बँडचं नाव, ना गाण्यांची यादी, ना चित्र. कोपऱ्यात निळ्या पेनाची एक सही, तीही लागत नव्हती. मधल्या लेबलवरची अक्षरं कोकणातल्या ओलीनं खाल्लेली.

मी म्हटलं, काका, सुई उडू नये म्हणून वर चार आणे ठेवा. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, की जणू मी तंबोऱ्यावर कपडे वाळत घालायला सांगितले. "नाणं ठेवलं की सुई रेकॉर्ड खाते." मग स्कूटरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर काढलंत, त्यात साबणाचे दोन थेंब टाकलेत. लेबल भिजू नये म्हणून त्यावर स्टीलची वाटी पालथी धरलीत आणि लहान मुलाच्या टूथब्रशनं खाचांच्या दिशेनं, कधी आडवा हात न मारता, अख्खी बाजू धुतलीत. पुसायला जुन्या धोतराचा तुकडा. दोन बाजूंना पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात, जेवलास का.

आणि मग मधूनच कुठेतरी तो लष्करी पावलांसारखा ठोका सुरू झाला. धम, धम, धम, आणि वर गिटार चढत जाते. मी स्टुलावरून उठलोच. हे तर माझं पाठ असलेलं गाणं! मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचं 'अ‍ॅम आय ईव्हिल?'. नुकतीच त्यांची 'गॅरेज इंक.' ही कॅसेट घेतली होती, तिच्यात होतं. पण आवाज वेगळा. हा माणूस गुरगुरत नव्हता, गात होता. वरच्या पट्टीत, मोकळ्या गळ्यानं, थोडा नाटकी. हॉस्टेलवर जाऊन कॅसेटच्या आतल्या कागदावरची मुंगीएवढी अक्षरं भिंगानं वाचली तेव्हा गाणं रचणाऱ्यांची नावं कंसात सापडली : हॅरिस, टॅटलर. त्या कॅसेटमधली आणखी तीन गाणी याच दोघांची निघाली, 'हेल्पलेस', 'द प्रिन्स', 'इट्स इलेक्ट्रिक'. सात गाण्यांच्या रेकॉर्डमधली चार मेटॅलिकानं उचलली होती आणि मी ती त्यांचीच समजत होतो. आजही निम्मं जग तसंच समजतं.

तुम्ही कुठली तबकडी धुतलीत ते मला पुढे कळलं, तुम्हाला कधी कळलंच नसेल, म्हणून सांगतो.

बँडचं नाव डायमंड हेड. गाव स्टोअरब्रिज, बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला, काचकामासाठी प्रसिद्ध, डडली शेजारीच. ब्रायन टॅटलर गिटारवर, शॉन हॅरिस गायला, कॉलिन किंबर्ली बेसवर, डंकन स्कॉट ड्रम्सवर. १९७६ला शाळकरी वयात जमलेली पोरं. १९८० हे साल इंग्लंडात मेटलवाल्यांसाठी सुगीचं होतं. आयर्न मेडनची पहिली रेकॉर्ड, जुडास प्रीस्टची 'ब्रिटिश स्टील', सॅक्सन, मोटरहेड, सगळं एकाच वर्षात. सगळ्यांना कंपन्या मिळाल्या, यांना मिळेना. कारभार बघायला गायकाची आई आणि पुठ्ठ्याचा कारखाना असलेले एक गृहस्थ. शेवटी वूस्टरच्या एका स्टुडिओत आठवड्याभरात रेकॉर्डिंग उरकलं आणि हजार प्रती स्वतःच काढल्या. कव्हर छापायला पैसे नव्हते म्हणून ते कोरंच. निदान हातानं काहीतरी असावं म्हणून प्रत्येक कव्हरवर चौघांपैकी एकाची सही. विकायची कशी? 'साउंड्स' साप्ताहिकात जाहिरात द्यायची, पोस्टानं पाठवायची आणि कार्यक्रमाच्या जागी टेबल टाकायचं. आमच्या सहीत सुरुवातीला डी दिसतो असं मला वाटतं, म्हणजे ड्रमवाला डंकन असावा. मामा म्हणतो तो बी आहे. मामाला चष्मा लागलाय.

पुढची कथा ऐकून तुम्ही मान हलवाल. मूळ टेप जर्मनीतल्या एका कंपनीकडे गेली ती कैक वर्षं परत आलीच नाही. मग मोठी कंपनी मिळाली, तिनं जे काढलं त्यात हा जोश उरला नाही. १९८५पर्यंत बँड मोडला. मधल्या काळात ज्यांच्याकडे ती पांढरी रेकॉर्ड होती ते दुसऱ्याला कॅसेट भरून देत राहिले. त्यांच्यातच एक सतरा वर्षांचा डॅनिश पोरगा, लार्स उलरिक. १९८१च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेतून विमान पकडून यांना ऐकायला लंडनला आला, ओळख काढून थेट टॅटलरच्या आईवडिलांच्या घरी उतरला, जमिनीवर झोपला. परत जाऊन त्याच वर्षी त्यानं मेटॅलिका काढली. मार्च १९८२मध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला, त्यात नऊ गाणी वाजली. त्यातली चार तुम्ही धुतलेल्या त्या तबकडीवरची.

आमच्या मेटलवाल्या कंपूत यावर अजून भांडणं होतात. एकाचं म्हणणं, मेटॅलिकानं उपकार केले, नाहीतर डायमंड हेड कुणाला ठाऊक असतं? त्यांनी गायलेल्या गाण्यांच्या रॉयल्टीवर घर चाललं हे टॅटलर स्वतःच सांगतो, ते खरंच. पण मला विचाराल तर उपकार दोन्ही बाजूंनी झाले आणि माप एकाच बाजूला पडलं. 'हेल्पलेस' ऐका. एका गाण्यात इतरांच्या आख्ख्या अल्बमला पुरतील एवढे रिफ (गिटारचे परत परत येणारे छोटे तुकडे), आणि एकही घाईनं आणून चिकटवलेला नाही, आधीच्यातून पुढचा फुटतो. 'अ‍ॅम आय ईव्हिल?'चा तो ठोका गुस्ताव होल्स्टच्या 'मार्स' या वाद्यवृंदाच्या रचनेवरून सुचलेला. होल्स्ट इंग्रजच, पण पाश्चात्त्य शास्त्रीयवाला. हे कळल्यावर पहिल्यांदा तुमचीच आठवण झाली, कारण रेकॉर्ड भरताना तुम्ही म्हणाला होतात, "हा ठेका यांचा नाही, यांनी कुठेतरी ऐकलाय." मी तेव्हा मनात तुम्हाला हसलो होतो.

सगळंच थोर आहे असंही नाही. नऊ-साडेनऊ मिनिटांचं 'सकिंग माय लव्ह' हे विशीतल्या पोरांनी विशीतल्या पोरांसाठी केलेलं गाणं आहे, ऐकताना आता थोडं अवघडायला होतं. तुम्हाला तेव्हाच झालं होतं. कॅसेटच्या कागदावर तुम्ही शाईपेनानं, वळणदार देवनागरीत, गाण्यांची नावं माझ्याकडून विचारून आणि उरलेली कानानं ऐकून लिहिलीत. 'लायटनिंग टू द नेशन्स', 'स्वीट अँड इनोसंट'. 'सकिंग माय लव्ह'च्या जागी मात्र नुसती रेघ मारलीत. मी विचारलं तर म्हणालात, "नीट ऐकू आलं नाही."

ऐकू आलं होतं, काका.

त्यानंतर दीड-दोन महिने मी रोज दुपारी येत होतो. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की कॉलेज का नाही. हेडफोन हातात द्यायचात आणि स्वतः कॅसेटींची धूळ पुसत बसायचात. एकदा चहावाल्या पोराला न सांगता दोन कप आले, तेवढ्यात मीच बोललो. वायडी लागलीय, घरी ठाऊक नाही. तुम्ही चहा संपवलात आणि म्हणालात, "एसटीडी बूथ कोपऱ्यावर आहे, सुटे माझ्याकडून ने." बाबा चिडले, पण दोनच दिवस. एवढ्यासाठी मी महिनाभर झोपलो नव्हतो.

आभार मानायचे राहिले ते या सगळ्याचे. रेकॉर्ड धुतलीत त्याचे, रेघेचे, सुट्या पैशांचे.

२०२०मध्ये टॅटलरनं नवा गायक घेऊन आख्खा अल्बम पुन्हा रेकॉर्ड केला. छान आहे, स्वच्छ आहे. आमच्यातल्या तरुण पोरांना तोच आवडतो. मी मात्र तुमचीच कॅसेट लावतो. 'द प्रिन्स'च्या आधी पाण्याचा थेंब राहिल्यासारखी एक चुटचुट येते, आणि आता कुठेही ते गाणं लागलं की ती नसली तर काहीतरी हुकल्यासारखं वाटतं.

दोन गोष्टी राहिल्या. रेकॉर्डिंगचे पंचवीस रुपये झाले होते, मी वीसच दिले. आणि अल्बम नव्वदच्या कॅसेटच्या एकाच बाजूत मावला, तेव्हा "रिकामी कशाला सोडायची" म्हणून दुसऱ्या बाजूवर तुम्ही मन्सूर भरून दिलेत. पहिली काही वर्षं मी ती बाजू लावलीच नाही. आता तीच जास्त लागते. पण शेवटी टेप संपते आणि एक राग ऐन रंगात आलेला असताना तुटतो. कागदावर त्याचं नाव लिहायचं तुम्ही विसरलात. कंपूतल्या कुणाला ओळखता येत नाही. तो कोणता, तेवढं कळवा.

तुमचा,
पांढऱ्या कव्हरवाला